चव्वेचाळीस दुपारी

मी एक सोफा बोलतोय. दोघांचा. तिसरं माणूस बसलं तर बसतं, पण मग कुणाचं तरी कोपर कुणाच्या तरी बरगडीत जातं.

माझा जन्म स्कीव्ह या डॅनिश गावातल्या एका छोट्या कारखान्यातला. तिथे आगे नावाचा म्हातारा कारागीर होता. स्प्रिंगा बांधताना तो प्रत्येक गाठीला ‘हं’ म्हणायचा. गाठ नीट बसली की एकदा, नाही बसली की दोनदा. माझ्यात दोनदा ‘हं’वाल्या गाठी दोनच आहेत, आणि त्या कुठे आहेत ते मी आजवर कुणाला कळू दिलेलं नाही. वरून शेवाळी रंगाचं जाड लोकरी कापड चढलं, आणि मी लेमविग गावच्या डोर्टे आणि येस्पर या जोडप्याच्या घरी आलो. डोर्टे दातांच्या दवाखान्यात पेशंटच्या वेळा लिहून घेण्याचं काम करायची, येस्पर वीजतंत्री होता. बैठकीच्या खोलीत खिडकीखाली मला जागा मिळाली. मागे फ्योर्डचं, म्हणजे जमिनीत आत शिरलेल्या समुद्राचं पाणी, समोर टीव्ही.

लोकांना वाटतं, सोफ्याला काय कळतं? अहो, माणूस खरं काय ते बसताना सांगतो. दमलेला धपकन बसतो, पाहुणा कडेला बसतो, भांडून आलेला उशी उचलून आपटतो. तोंडाने कुणी काही का म्हणेना.

त्यांची मुलगी सिसेल. तिचं पहिलं वर्ष मी कसं काढलं ते माझं मला ठाऊक. दूध, लाळ, चिरडलेलं केळं. पुढे ती माझ्यावर उड्या मारायला शिकली, आणि दहा वर्षांची झाली तेव्हा एका शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता येस्परच्या शेजारी बसून तिने पहिल्यांदा ‘एक तास पुढे’ पाहिलं.

ती अमेरिकेतली मालिका होती, शाळकरी पोरांची. एक शाळा असते, आणि ती बाकीच्या गावाच्या एक तास पुढे असते. गावात दहा वाजलेले असताना शाळेच्या फाटकाच्या आत अकरा वाजलेले. गावात पुढच्या तासाभरात काय होणार ते आतल्या पोरांना आधीच कळतं, आणि ते थोपवायला ती फाटकाबाहेर धाव घेतात. किट, वेरा आणि रॉस ही त्यातली मुख्य तिघं. संवाद इंग्रजीत, खाली डॅनिश अक्षरं. बापलेक दोघं वेडे झाले. मधे कागदाची पिशवी, त्यात शुक्रवारच्या खाऊच्या गोळ्या. खारट ज्येष्ठमधाच्या काळ्या येस्परच्या, बाकी सगळ्या सिसेलच्या. तीन वर्षं, तीन पर्वं, एकही शुक्रवार चुकला नाही.

तिसरं पर्व संपलं त्याच उन्हाळ्यात येस्पर घर सोडून गेला. भांडीकुंडी फुटली नाहीत, आरडाओरडा झाला नाही. पार पलीकडे बॉर्नहोम बेटावर त्याला काम मिळालं होतं, आणि एक बाईही भेटली होती. जाताना तो माझ्यावर सिसेलजवळ बसला आणि म्हणाला, “चौथं आलं की फोन लावून बघायचं हं. तू इथे, मी तिथे. शब्द देतो.”

चौथं पर्व लवकर आलंच नाही. मालिका बंद पडणार अशी बातमी आली, मग पडणार नाही अशी आली. मधल्या काळात आमच्या घरी फ्लेमिंग आला.

फ्लेमिंग बेकरीवाला. बंदराजवळच्या बेकरीत सकाळभर भट्टीपुढे उभा असायचा आणि दुपारी एकला घरी येऊन झोपायचा. अठ्ठेचाळीस वर्षांचा, अंगाने आडवा, बोलायला कमी. डोर्टे त्याच्यासोबत हसायची, आणि हे हसणं मी बऱ्याच वर्षांनी ऐकत होतो. सिसेलला मात्र तो घरात असून नसल्यासारखा होता. तो खोलीत आला की ती पाय लांब करायची. माझ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. म्हणजे बसायला जागाच नाही. फ्लेमिंगही कधी ‘पाय घे’ म्हणाला नाही. स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची आणायचा, माझ्या बाजूला ठेवायचा, तिच्यावर बसायचा. मला त्याचा राग यायला हवा होता, कारण सोफा असताना खुर्ची आणणं हा माझा अपमान. पण तो बसायचाच असा अंग चोरून, की राग येईना.

ऑक्टोबरात टीव्हीवर जाहिरात झळकली. जानेवारीपासून, चौथं पर्व. सिसेल ताडकन उठून बसली.

“हे कशाबद्दल असतं गं?” फ्लेमिंगने विचारलं.

“तुला नाही कळायचं.”

“सांग तर खरं.”

“तीन पर्वं झालीत, फ्लेमिंग. चव्वेचाळीस भाग. ते काय एका वाक्यात सांगू? एक शाळा आहे, ती गावाच्या एक तास पुढे आहे. झालं.”

“पुढे म्हणजे, गावाबाहेर?”

“वेळेने पुढे!”

“मग पोरं रोज उशिरा पोचत असतील.”

स्वयंपाकघरातून डोर्टेचं हसू ऐकू आलं. सिसेल नाही हसली. “म्हणून म्हटलं, तुला नाही कळायचं,” म्हणाली आणि वर आपल्या खोलीत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फ्लेमिंग घरी आला तो झोपायच्या खोलीत गेलाच नाही. हातात वाचनालयाची पिशवी होती. पहिल्या पर्वाच्या डीव्हीडीच्या चकत्या. पडदे अर्धे ओढले, चकती यंत्रात घातली, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तो माझ्यावर बसला. अंगाला राय नावाच्या धान्याच्या काळ्या पावाचा वास. मधोमध बसला, ना या बाजूला ना त्या बाजूला, जणू कुणी आलं तर पटकन उठता यावं.

मालिका सुरू झाली. पहिलं वाक्य झालं आणि चित्र थांबलं. मला वाटलं यंत्र अडकलं. पण नाही, त्यानेच थांबवलं होतं. माझ्या हातावर त्याचं बोट हळूहळू सरकायला लागलं. डावीकडून उजवीकडे.

“फा... फाट... फाटका-च्या बा... बाहेर... जाऊ... नको.” मग एक सुस्कारा, आणि चित्र पुढे. दुसरं वाक्य. पुन्हा थांबलं.

तेव्हा मला कळलं. या माणसाला वाचता येत होतं, पण एकेक अक्षर पकडून आणून ओळीत उभं करावं लागत होतं. पाऊण तासाच्या भागाला पहिल्या दिवशी दोन तास लागले. संपला तेव्हा त्याची पाठ घामाने ओली झाली होती. त्याने माझ्या उशा झटकल्या, पिशवी कोटाखाली लपवली, आणि सिसेल शाळेतून येण्याच्या दहा मिनिटं आधी झोपायला गेला. तासाभराने डोर्टेने त्याला हलवून उठवलं.

मग हे रोजचं झालं. सोमवार ते शुक्रवार, रोज एक भाग. तो झोप मोडून बसायचा, मधेच डुलकी लागायची, दचकून जागा व्हायचा आणि मागे नेऊन पुन्हा बघायचा. नावं लक्षात राहावीत म्हणून पिठाच्या पावतीमागे चित्रं काढायचा: किटचे उभे केस, वेराची लांब वेणी, रॉसचा चष्मा. दुसऱ्या पर्वात, शाळेची घंटा वाजत असताना किट फाटकातून धावतो आणि त्याचा डावा कान कायमचा बहिरा होतो. तो भाग संपताच फ्लेमिंगने ती पावती काढली. चित्रातल्या किटच्या डाव्या कानावर त्याने बारीक फुली मारली.

एका दुपारी दातांचे डॉक्टर आजारी पडले म्हणून डोर्टे लवकर घरी आली. दारातच थांबली.

“फ्लेमिंग? अरे झोपायचं सोडून हे काय?”

तो चोर पकडल्यासारखा उठला. “सव्वीस झालेत. अजून अठरा राहिलेत.”

“काय अठरा?”

“भाग. तिला सांगू नकोस.”

डोर्टेने पडद्यावर थांबलेली अक्षरं पाहिली, पावतीमागची चित्रं पाहिली. तिला त्याचं वाचणं माहीत होतं. त्याचे सगळे सरकारी कागद तीच भरायची. ती कोट न काढताच त्याच्या शेजारी येऊन बसली आणि खांद्यावर डोकं टेकवलं. “लाव पुढे,” एवढंच म्हणाली.

नाताळच्या सुट्टीत सिसेल दिवसभर घरी, त्यामुळे फ्लेमिंगची पंचाईत झाली. तिसऱ्या पर्वात रॉस पुलावरून पडला होता आणि भाग तिथेच संपला होता. दहा दिवस हा माणूस बेचैन. नाताळचं भाजलेलं बदक कापताना, झाडाभोवती हात धरून गाणी म्हणताना, सगळीकडे चेहरा लांब. सिसेल वर गेली की डोर्टेच्या कानात कुजबुजायचा, “रॉस जिवंत असेल का गं?”

“मला काय माहीत! विचार ना तिला.”

“तिला कसं विचारू? मला माहीतच नाहीये ना काही!”

जानेवारीच्या पहिल्या गुरुवारी चव्वेचाळिसावा भाग संपला. शुक्रवारी चौथं पर्व सुरू झालं.

पण फ्लेमिंग त्या दिवशी बाहेर आलाच नाही. सिसेलने माझ्या हातावर फोन ठेवला होता, आवाज मोठा करून. बॉर्नहोमवरून येस्पर बोलत होता. “अगं ही कोण? ही वेरा नाही!”

“बाबा, नटीच बदललीय! नाक बघ तिचं!”

“आणि शाळा बेटावर कधी नेली यांनी?”

दोघं खिदळत होते. मी खूश होतो. स्वयंपाकघरात नळ वाहत होता आणि दार अर्धं उघडं होतं. तीनच ताटं धुवायला एवढा वेळ लागत नाही.

दुसऱ्या शुक्रवारी फोन झाला, पण येस्पर मधेच कुणाशी तरी बोलायला गेला. तिसऱ्या शुक्रवारी त्याने उचललाच नाही. चौथ्या शुक्रवारी उचलला.

“सिसे, खरं सांगू का, रागावू नकोस. मला आता मजा नाही येत त्यात. पहिल्यासारखं राहिलं नाही गं ते.”

सिसेलने माझ्या शिवणीतला एक दोरा बोटाला गुंडाळला. “हो ना,” ती म्हणाली. “मलाही बोअर होतंय.”

“मग बघ! आपण दुसरं काहीतरी शोधू.”

“हो, शोधू.”

फोन ठेवला. भाग चालूच होता. तिने आवाज इतका कमी केला की मलाही ऐकू येईना, आणि शेवटपर्यंत बघितला. तिला बोअर होत नव्हतं. म्हणजे मालिका बिघडली होती हे तिलाही कळत होतं. पण ती बिघडली म्हणून तिच्यातली पोरं हिला परकी झाली नव्हती.

पाचव्या शुक्रवारी फ्लेमिंग खुर्ची घेऊन आला.

“मी बसू?”

तिने खांदे उडवले. “बस. पण प्रश्न नाही विचारायचे.”

बिचाऱ्याने नाही विचारले. पण हा टीव्हीवरचा भाग, तो काही थांबवता येत नाही. अक्षरं आली आणि गेली. त्याचं बोट गुडघ्यावर धावत होतं, धापा टाकत होतं. दुसरा शब्द लागतोय तोवर ओळ पुसलेली. सिसेलला तर इंग्रजी कानानेच कळायचं. ती हसली की तो मागून हसायचा, आणि एकदा तर ती रडवेली झाली असताना हसला.

सिसेल त्याच्याकडे वळली. “आत्ता वेरा काय म्हणाली? सांग.”

“अं... ती... निघून जाणार म्हणाली.”

“ती राहणार म्हणाली! तू बघतच नाहीयेस. नसेल आवडत तर ऊठ ना. आईने बसायला सांगितलं म्हणून नाटक कशाला करतोस?”

फ्लेमिंगचे कान लाल झाले. मग उठला, खुर्ची उचलली, स्वयंपाकघरात नेऊन टेबलाखाली सरकवली. खुर्चीचे पाय फरशीवर घासल्याचा आवाज मला अजून आठवतो. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अगं पोरी, चव्वेचाळीस दुपारी! चव्वेचाळीस! पण सोफ्याला तोंड नसतं. तिने कूस बदलली तेव्हा माझी एक स्प्रिंग तेवढी करकरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिसेल मैत्रिणीकडे गेली असताना डोर्टे आणि फ्लेमिंग माझ्यावर बसले होते.

“सांगून टाक तिला,” डोर्टे म्हणाली.

“काय सांगू? एवढा बाप्या माणूस अजून अक्षरं जुळवतो?”

“त्यात लाजण्यासारखं काय आहे?”

“तुला नाही कळायचं, डोर्टे. शाळेत मला खिडकीपाशी बसवायचे. मास्तर म्हणायचे, तू बाहेर बघ, म्हणजे बाकीच्यांचा खोळंबा होत नाही. सात वर्षं मी बाहेर बघितलं.” त्याने माझी उशी सरळ केली. “तिच्या वर्गातली पोरं रोज माझ्याकडून पाव नेतात. आळशी समजली तर समजू दे. ते चालेल मला.”

“मला नाही चालत.”

“पण तू सांगायचं नाहीस.”

डोर्टेने सांगितलं नाही. सहाव्या शुक्रवारी सिसेल एकटी बसली. गोळ्यांची पिशवी तशीच राहिली.

सातवा शुक्रवार फास्टेलाउनच्या, म्हणजे गोड पावांच्या सणाच्या, आधीचा होता. बेकरीत गर्दी उसळलेली, साय भरलेल्या गोड पावांच्या परातीवर पराती. डोर्टे शिवणाच्या वर्गाला गेली होती. फ्लेमिंगने घरी चार पाव आणले होते. बशीत दोन मांडून तो दारात आला. बशी ठेवून परत जायचं, एवढंच त्याच्या मनात असावं. भाग चालू होता. पडद्यावर किट वाकला होता आणि नवी वेरा त्याच्या कानाशी लागून काहीतरी गुपित सांगत होती. किटने मान डोलावली.

“अरे, पण तो डावा कान आहे!” फ्लेमिंग केवढ्याने तरी ओरडला. “डाव्या कानाने त्याला ऐकू कुठे येतं?”

सिसेलने डोळे मोठे केले. ती गुपित ऐकण्यात गुंगली होती, कानाकडे तिचं लक्षच नव्हतं. मग पडद्याकडे बघितलं. मग फ्लेमिंगकडे.

“खरंच की. डावाच आहे.” आणि मग, सावकाश, “तुला कसं माहीत?”

“काय?”

“किटचा कान. ते दुसऱ्या पर्वात आहे. तू तर आमच्याकडे आलाही नव्हतास.”

फ्लेमिंग बशी हातात धरून उभा.

“मी बघितलंय ते,” तो म्हणाला.

“किती?”

“सगळं. चव्वेचाळीस.”

“कधी?”

“दुपारी.”

“दुपारी तर तू झोपतोस!”

सिसेलचा हात माझ्या शिवणीवर होता. तिथे पिठाची एक बारीक पांढरी रेघ बसली होती, कधीपासूनची. तिने ती नखाने खरवडली आणि बोटाकडे बघत राहिली.

“मग त्या दिवशी का नाही सांगितलंस? मी तुला काय काय बोलले. आणि सगळं माहीत होतं तर वेराचं एवढं साधं वाक्य तुला...” ती मधेच थांबली.

आता सुटका नव्हती. फ्लेमिंगने बशी खाली ठेवली. “खालची अक्षरं,” तो म्हणाला. “ती पळतात. माझ्याच्याने एवढ्या भरभर वाचवत नाही. कधीच वाचवलं नाही. त्या चकत्या थांबवता यायच्या. हे थांबत नाही.”

टीव्हीवर कुणीतरी धावत होतं, संगीत वाजत होतं. दोघांपैकी कुणीच बघत नव्हतं. मी श्वास धरला होता, म्हणजे माझ्यात जो काही श्वास असेल तो.

सिसेलने पाय वर ओढून घेतले. “बस,” ती म्हणाली.

तो खुर्ची आणायला वळला.

“खुर्ची नको. तिथून तुला ऐकू येणार नाही. इथे बस.”

तो बसला. कडेला, पाहुण्यासारखा. तिने पडद्याकडे तोंड केलं, घसा खाकरला आणि शाळेत धडा वाचावा तसं सुरू केलं. “किट म्हणतोय, दार उघड. वेरा म्हणते, किल्ली माझ्याकडे नाही. आता रॉस. रॉस म्हणतो, खोटं बोलू नकोस.” जरा वेळाने तिचा आवाज सैल झाला. “आणि ती खोटंच बोलतेय. तिचे हात बघ.”

“ही वेरा आधीच्या वेराइतकी बरी नाही,” फ्लेमिंग हळूच म्हणाला.

“अजिबात नाही!” सिसेल उसळली. “आणि तो बेटावरचा मूर्खपणा!”

“दीपगृहाला दार कुठल्या बाजूला आहे तेही त्यांना ठरवता येत नाही.”

“तुलाही दिसलं ते?”

भाग संपेस्तोवर दोघं तोंडाने मालिकेची सालटी काढत होते, आणि साय माझ्या कापडावर सांडत होती. पुढच्या शुक्रवारपर्यंत तिचे वेगवेगळे आवाज तयार झाले. किटचा नाकातून, मुख्याध्यापिकेचा घोगरा. डोर्टे दारात उभी राहून बघायची आणि आत यायची नाही. मी दोघांचा ना!

पण मला खरं सांगायचं आहे ते दहाव्या शुक्रवारचं. त्या दिवशी सिसेलची मैत्रीण डिट्टे राहायला आली होती. डिट्टेच्या घरी रोजचा पाव फ्लेमिंगच्याच बेकरीतून जायचा. तिला बघताच फ्लेमिंग म्हणाला, “तुम्ही दोघी बसा. मला काम आहे.”

“कसलं काम?” सिसेल म्हणाली. “बस इथे.”

तिघं बसले. एका बाजूला डिट्टे, दुसऱ्या बाजूला फ्लेमिंग, मधे सिसेल. कोपरं बरगड्यांत. भाग सुरू झाला. फ्लेमिंग आपल्या गुडघ्यांकडे बघत होता. आज ती गप्पच बसेल, हे त्याने मनाशी धरलं असावं. त्याला तेच हवं होतं आणि नकोही होतं. मला त्याच्या बसण्यातून कळत होतं.

“किट म्हणतोय, आपण उशीर केला,” सिसेल मोठ्याने म्हणाली.

डिट्टेने तिच्याकडे बघितलं. पुढच्या वाक्याला पुन्हा तेच. तिसऱ्याला डिट्टे वैतागली. “शूऽऽ! काय गं हे? सगळं बोलून काय दाखवतेस? खाली लिहिलंय की!”

फ्लेमिंगच्या मांडीचा स्नायू दगडासारखा झाला.

“माझं असंच असतं,” सिसेल पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. “मला मोठ्याने बोलल्याशिवाय बघताच येत नाही. लहानपणापासूनची खोड आहे. फ्लेमिंग सहन करतो बिचारा. तुला नसेल चालत तर कानात बोटं घाल.”

“कठीण आहेस तू.”

“माहितेय. आता रॉस बोलतोय. म्हणतो, मी इथेच थांबतो.”

डिट्टेने उसासा टाकून एक गोळी तोंडात टाकली. फ्लेमिंगने काही केलं नाही, कुणाकडे बघितलंही नाही. पण त्याचं सगळं वजन, जे इतके महिने तो स्वतःच उचलून धरायचा, ते पहिल्यांदा पूर्ण माझ्यावर आलं. आगेने बांधलेल्या त्या दोन सैल गाठींपैकी एक त्या संध्याकाळी सुटली. सुटू दे म्हटलं.

मार्चअखेर पर्व संपलं. शेवट काही लागलाच नाही. शाळा धुक्यात गेली, वेरा फाटकात उभी राहिली आणि पडदा काळा झाला. पाचवं पर्व येणार नसल्याचं आधीच जाहीर झालं होतं. सिसेल संतापली. “असं कसं संपवतात? एवढी वर्षं बघितलं ते कशाला?”

फ्लेमिंगने तिच्यापुढे गोळ्यांची पिशवी धरली. “पहिल्यापासून लावायचं का?”

“तुला तर सगळं माहीत आहे.”

“निम्मंच. मोठाली वाक्यं मी गाळायचो. रॉसचे वडील कसे गेले ते मला अजून कळलेलं नाही.”

“रॉसचे वडील गेलेच नाहीत, फ्लेमिंग!”

“नाही?” तो खरोखरच चकित झाला, आणि सिसेल इतकी हसली की माझ्यावरून खाली पडली.

ईस्टरला येस्परचा फोन आला. कसं संपलं शेवटी, म्हणून विचारत होता. तिने त्याला सगळं सांगितलं, आवाज काढून काढून, अर्धा तास. शेवटी म्हणाली, “तू बघायला हवं होतंस बाबा. वाईट होतं, पण मजा आली.” आवाजात राग नव्हता. मी नीट ऐकलं.

या गोष्टीला पंधरा वर्षं झाली. सिसेल आता ओडेन्सला असते, लहान मुलांच्या बोलण्यातले दोष सुधारण्याचं काम करते. फ्लेमिंगचे गुडघे गेलेत, आणि माझ्या एवढ्या खोल बैठकीतून त्याला उठवत नाही. त्यांनी उंच पायांचा नवा सोफा घेतलाय, तिघांचा. मी रागावलो नाही. आता बोळात दाराजवळ उभा आहे, उशा दोरीने बांधून. उद्या सकाळी चर्चच्या जुन्या सामानाच्या दुकानातली माणसं येतील. आज फ्लेमिंगने ब्रश घेऊन मला दोनदा साफ केलं. शिवणीतलं पीठ काही निघालं नाही. त्याने फार जोर केलाही नाही.

मला जो कुणी घरी नेईल, त्याला दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. माझी डावी मागची बाजू जरा सैल आहे, दणकन बसू नका. आणि संध्याकाळी टीव्ही लावून बसाल, तेव्हा शेजारचं कुणी दुसऱ्या कुणाला हळू आवाजात काही सांगत असेल, तर कृपा करून त्यांना ‘शूऽऽ’ म्हणू नका. तुमचं एखादं वाक्य बुडेल. बुडू द्या.